नळीस उतार द्या

मधुसूदनराव दफ्तरदार शुद्ध मराठी बोलत. ग्वाल्हेरात हा रोग दुर्मिळ आहे. इथे मराठी माणूस "मी नहाऊन आलो" म्हणतो, "चाबी कुठे रखली" म्हणतो, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मधुसूदनरावांचं बिघडे. समोरचा माणूस वाक्य संपवायच्या आत ते त्यातले हिंदी शब्द वेचू लागत, तांदळातले खडे वेचावेत तसे, आणि वेचून झाले की मूळ मुद्दा काय होता ते विसरून जात.

या शुद्धतेचा उगम कुठे होता म्हणाल, तर कुठेच नव्हता. त्यांचे पणजोबा दरबारात दफ्तर सांभाळत, म्हणून आडनाव दफ्तरदार. तेव्हापासून या घराण्यातलं कुणी ग्वाल्हेरबाहेर राहिलेलं नाही. स्वतः मधुसूदनराव नई सडकेवर, बांगड्यांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत सहासष्ट वर्षांचे झाले. महाराष्ट्रात ते एकूण पाच वेळा गेले होते, पाचही वेळा पुण्याला, कंपनीच्या प्रशिक्षणासाठी, चार-चार दिवस. आणि प्रत्येक वेळी पुणेकरांच्या मराठीतल्या चुकांची यादी करून परत आले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

मी मूळची साताऱ्याची. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले. तेव्हा शुद्ध मराठीचा मक्ता कुणाकडे असायचाच तर तो माझ्याकडे असायला हवा होता. निदान मी तरी तसं समजत होते.

ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याला आमच्या ट्रस्टचं स्वयंपाकघर आहे. नऊ शाळांतल्या मुलांचं दुपारचं जेवण तिथे शिजतं. विजयाबाई मुख्य स्वयंपाकीण, मी कोठी सांभाळते. गेल्या वर्षापर्यंत सगळं गॅसच्या मोठ्या भट्ट्यांवर होतं. मग ट्रस्टने पुण्याच्या एका कंपनीकडून वाफेवर चालणाऱ्या तीन कढया घेतल्या, तीनशे लिटरच्या एक-एक. त्या बसवून सुरू करून देण्यासाठी कंपनीचा ग्वाल्हेरचा माणूस आला, तो म्हणजे मधुसूदनराव.

कढईला दोन भिंती असतात. मधल्या पोकळीत वाफ शिरते आणि आतलं वरण तापतं. तापवून थंड झालेल्या वाफेचं पाणी होतं, ते एका छोट्या यंत्रातून बाहेर पडतं. हे यंत्र पाणी सोडतं आणि वाफ अडवतं. सगळं जग त्याला ट्रॅप म्हणतं. मधुसूदनराव सापळा म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी विजयाबाईंना समोर उभं करून सांगितलं, "बाई, हा सापळा रोज तपासायचा." विजयाबाईंनी घाबरून विचारलं, "साहेब, नव्या कढईत पण चूहे येतील?"

"उंदीर," मधुसूदनराव म्हणाले. उंदीर येणार की नाही ते त्यांनी सांगितलंच नाही.

व्हॉल्व्हला ते झडप म्हणत. इथे झडप म्हणजे मारामारी. "मुख्य झडप सावकाश उघडावी" हे वाक्य ऐकून मिस्त्री सूर्याजी रणनवरे बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला होता. सूर्याजी बिर्लानगरचा, चाळिशीतला. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली तरी घराणं पाइपांतच राहिलं. घरी मराठीच बोलतात, पण कुठली ते देव जाणे. "ताई, मी ते बोल्ट खोलून ठेवलेत, आता कसून देतो," असं तो म्हणे. मधुसूदनराव डोळे मिटून घेत.

काम मात्र त्या माणसाला येत होतं, हे कबूल करायला हवं. कढयांचे पाय जमिनीत बसवताना त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ लावली, तीन-तीनदा. कुठल्याही चालू ट्रॅपवर ते पेचकसाचं टोक टेकवत, दांडा कानाला लावत आणि नुसत्या आवाजावरून आत पाणी चाललंय की वाफ ते सांगत. पण असं काही चांगलं केलं की लगेच त्यावर भाषण देत, आणि मग ते चांगलं काम डोळ्यांसमोर नासून जाई.

एकदा माझ्या कोठीत तुरीच्या पोत्यावर बसून ते मला न विचारताच सांगायला लागले. त्यांचा करार दरवर्षी मार्चमध्ये नवा होतो. कंपनीत आता तरुण साहेब आलाय, त्याला सगळ्या मध्य प्रदेशासाठी एकच तरुण इंजिनीअर हवाय. ग्वाल्हेरच्या कढया विनातक्रार सुरू झाल्या तर करार पुढे चालू, एक जरी तक्रार गेली तरी नमस्कार. "घरी बसून काय करू, राजलक्ष्मीबाई? भिंतींना व्याकरण शिकवू?" ते म्हणाले.

मला कीव यायला हवी होती. आली नाही. कारण त्याच दिवशी सकाळी मी फळ्यावर "चावल शिल्लक ४० किलो" असं लिहिलं होतं, आणि या गृहस्थाने विजयाबाईंच्या, सूर्याजीच्या, भाज्या चिरणाऱ्या सगळ्या बायकांच्या देखत खडू उचलून माझा "चावल" खोडला आणि वर "तांदूळ" लिहिलं. वर म्हणाले, "साताऱ्याच्या माणसाने तरी!" त्या तीन शब्दांनी माझं अंग पेटलं होतं. ज्याने सातारा बघितलेला नाही, त्याने मला सातारा शिकवायचा!

कढया बसल्या. बॉयलरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत चाळीस फूट लांब वाफेची लाइन भिंतीवर चढली. तिच्यावर उष्णता राखणाऱ्या लोकरीचं वेष्टण आलं, पत्रा आला. एकच गोष्ट राहिली होती. लाइन सरळ होती, तिला ट्रॅपच्या बाजूने थोडा ढाळ हवा होता, म्हणजे आत साचलेलं पाणी आपोआप तिकडे जातं. बोल्ट फिरवून भिंतीवरचे आधार थोडे वर-खाली करायचे, अर्ध्या दिवसाचं काम. ते बुधवारी व्हायचं होतं आणि बुधवारी मधुसूदनरावांना झाशीला दुसऱ्या एका कढईसाठी जायचं होतं. शनिवारी सकाळी अकरा वाजता उद्घाटन होतं.

दुसरा कुणीही माणूस जाताना तोंडाने सांगून गेला असता. नाहीतर फोन केला असता. मधुसूदनरावांनी मंगळवारी संध्याकाळी मोत्यासारख्या अक्षरात कागद लिहिला आणि भिंतीला चिकटवला:

"१. सर्व जोडण्या घट्ट करा. २. सापळा स्वच्छ करा. ३. मुख्य नळीस उतार द्या. ४. मी येईपर्यंत झडपेस हात लावू नका."

बुधवारी सकाळी सूर्याजी तो कागद भिंतीवरून काढून माझ्याकडे घेऊन आला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हे बघा ना. नळीस उतार द्या. पूरी लाइन उतारायची आहे का? परवाच तर चढवली आम्ही."

मला एका क्षणात कळलं. मराठीत उतार म्हणजे ढाळ. हिंदीत "उतार दो" म्हणजे खाली काढा. पुण्याचा मिस्त्री ही चूक करणार नाही, कारण त्याला उतार माहीत आहे. शेजारच्या मुरैन्याचा हिंदी मिस्त्री करणार नाही, कारण "द्या" बघूनच तो कागद बाजूला ठेवील आणि फोन लावील. ही चूक करायला आमच्याच गावचा मराठी माणूस पाहिजे. तो "द्या" मराठीत वाचतो, "उतार" हिंदीत वाचतो, आणि दोन्ही मिळून त्याला अगदी सरळ वाक्य ऐकू येतं.

मी कागद वाचला. सूर्याजी वाट बघत होता. सांगायचं एवढंच होतं की, अरे, ढाळ द्यायचाय. मी म्हटलं, "दफ्तरदार साहेब फार शुद्ध लिहितात. लिहिलंय तसं करा."

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तो दिवसभर पुरला. सूर्याजी आणि त्याच्या दोन माणसांनी पत्रा सोडवला, लोकर सोडवली, लाइन तीन तुकड्यांत भिंतीवरून उतरवली आणि अंगणात चादर घालून तिच्यावर नीट मांडून ठेवली. चार वाजले. मी त्यांना दोनदा चहा पाठवला. उद्या शुद्ध मराठीचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं मला.

गुरुवारी सकाळी ते तोंड मी बघितलं. मधुसूदनराव फाटकातून आत आले, अंगणातली लाइन बघितली आणि पायरीवर बसले.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब," सूर्याजी म्हणाला. "तुम्ही लिहिलं होतं. उतार द्या."

"अहो, उतार! उतार म्हणजे ढाळ!"

"ढाल?" सूर्याजी गोंधळला. "तलवारवाली?"

"ढाळ! ळ! नळीला थोडं तिरपं... खालच्या अंगाला..." मधुसूदनरावांनी हाताने हवेत ढाळ काढून दाखवला. मग मान खाली घातली आणि म्हणाले, "स्लोप हो. स्लोप."

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला पहिला परका शब्द. मी कोठीच्या दारात उभी होते आणि पदर तोंडाला लावून हसत होते. सूर्याजीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तो लाइन उचलायला गेला.

तीन दिवसांचं काम दोन दिवसांत करायचं होतं. मधुसूदनरावांनी ट्रस्टचे सेक्रेटरी दिग्विजयसिंह यांना फोन करून दोन दिवस वाढवून मागितले. तिकडून उत्तर आलं की पत्रिका छापून झाल्या, पाहुणे ठरले, आणि कंपनीच्या साहेबांनाही आम्ही शनिवारच कळवलाय. कंपनीचं नाव निघताच मधुसूदनरावांनी फोन ठेवला. शुक्रवारी ऊन कलेपर्यंत लाइन परत भिंतीवर चढली. दोन तुकड्यांना त्यांनी पाणसळ लावली. मधल्या तुकड्याचे आधार घाईत नजरेनेच बसवले, कारण त्याच वेळी दिग्विजयसिंहांचा माणूस फुलांच्या माळा त्याच भिंतीवर लावायला येऊन उभा राहिला होता.

शनिवारी अकरा वाजता दिग्विजयसिंह आले, दोन विश्वस्त आले, फोटोवाला आला. तिन्ही कढयांत आधी साधं पाणी भरलेलं होतं. बॉयलरचा काटा जिथे हवा तिथे आला. मधुसूदनरावांनी ट्रॅपजवळचा छोटा नळ उघडून ठेवला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि मुख्य झडपेचं चाक पाव फेरा फिरवलं. गढूळ पाणी थुंकल्यासारखं बाहेर आलं, मग सूं आवाज झाला. ते थांबले. नळीला हात लावत, सरकत, पुढे गेले, परत आले. आणखी थोडं चाक. पाहुणे कंटाळून मोबाइल बघायला लागले.

"जल्दी नहीं खुलता क्या?" दिग्विजयसिंहांनी विचारलं.

"हळू उघडावं लागतं," मधुसूदनराव म्हणाले. "आत पाणी असलं आणि वाफ जोरात आली तर ती त्या पाण्याला गोळीसारखं पुढे ढकलते."

मी मनात म्हटलं, झालं भाषण सुरू. तेवढ्यात भिंतीत ठक् झालं. मग ठक् ठक्. मधल्या तुकड्यात, जिथे ढाळ नव्हता तिथे, पाणी साचलं होतं आणि वाफेने ते गाठलं होतं. पुढचा दणका इतका मोठा होता की लाइन आधारावर उडाली आणि माळ तुटून खाली पडली.

"मागे व्हा!" मधुसूदनराव ओरडले. सगळे पळाले, मी सगळ्यांच्या पुढे. ते पळाले नाहीत. चाक बंद करायला त्यांना दणका बसलेल्या सांध्याच्या खालीच उभं राहावं लागत होतं. ते उभे राहिले आणि फिरवत राहिले. सांध्यातली गळती अडवणारी गॅस्केट फुटली, उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं, तरी चाक पूर्ण बंद होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग विजयाबाईंनी त्यांना ओढून नळाखाली धरलं. दुसऱ्या कुणाला ओरखडाही आला नाही. मुलांना त्या दिवशी भट्टीवरची खिचडी मिळाली, एक तास उशिरा.

दुपारी माझ्या कोठीत सगळे बसले, कारण टेबल तिथेच आहे. मधुसूदनरावांच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. दिग्विजयसिंह शांत होते. त्यांना फक्त कंपनीला पाठवायला कागद हवा होता.

"दफ्तरदार साहब, सीधी बात लिखिए," ते म्हणाले. "मिस्त्री ने बिना पूछे लाइन उतार दी, जल्दी में गलत चढ़ा दी. मिस्त्री हमारा रोज़ का आदमी है, दूसरा रख लेंगे. आपकी कंपनी को शिकायत नहीं जाएगी. मामला खतम."

सूर्याजी दारात उभा होता. त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "क्यों भाई, उतारने से पहले किसी से पूछा था?"

सूर्याजीने माझ्याकडे बघितलं. मी डाळीच्या डब्यावरची चिठ्ठी सरळ करत होते.

"नहीं साहब," तो म्हणाला.

"आप तो यहीं थीं, मैडम," दिग्विजयसिंह मला म्हणाले. "आप तो महाराष्ट्र की हैं. आपने नहीं देखा?"

"मेरा ध्यान नहीं था," मी म्हटलं. किती सहज निघालं ते वाक्य! हिंदीत खोटं बोलताना जीभ अडखळत नाही, असं मला तेव्हा वाटलं. मराठीतही अडखळली नसती.

मधुसूदनरावांनी डाव्या हाताने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "माझा हात चालत नाही, राजलक्ष्मीबाई. मी सांगतो, तुम्ही लिहा. हिंदीत लिहा. सूर्याजींना वाचता आलं पाहिजे." त्या माणसाने मिस्त्रीला अहो-जाहो करताना मी पहिल्यांदाच ऐकलं. की आधीही करत होते आणि माझ्याच कानांवर ते आलं नव्हतं?

ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. "उतार शब्द मैंने लिखा था. मिस्त्री ने वही किया जो इस शहर में उस शब्द का अर्थ है. मैं छियासठ वर्ष से इसी शहर में रहता हूँ, मुझे यह पता होना चाहिए था. शुक्रवार को बीच का टुकड़ा मैंने बिना नापे छोड़ा. शनिवार को मना करना मेरा काम था, मैंने मना नहीं किया. मिस्त्री का कोई दोष नहीं." इतकी स्वच्छ हिंदी या माणसाला येते हे कुणाला ठाऊक होतं!

"सोच लीजिए," दिग्विजयसिंह म्हणाले. "यह गया तो आपका काम गया."

"लिहा, 'भवदीय,'" मधुसूदनराव मला म्हणाले.

दोषाच्या ओळीखाली बोटभर जागा मोकळी होती. "मिस्त्री ने मुझसे पूछा था" एवढं तिथे सहज मावलं असतं. पेन माझ्या हातात होतं, कागद माझ्यासमोर होता. त्यांचा करार त्याने वाचला असता की नाही, सांगता येत नाही. पण दोष वाटला गेला असता. मी "भवदीय" लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. मोत्यासारखं अक्षर असलेला माणूस, आणि सही बालवाडीतल्या मुलाची.

दिग्विजयसिंह कागद घेऊन गेले, सूर्याजी गेला. मधुसूदनराव चपला शोधत होते. मी त्यांच्या मागे गेले आणि एका दमात म्हटलं, "साहेब, मला पता होतं. उतारचा अर्थ. बुधवारीच पता होतं."

ते वळले. एक चप्पल पायात, दुसरी हातात.

"पता नव्हे," ते म्हणाले. "ठाऊक."

आणि पायऱ्या उतरून गेले. ते सवयीने म्हणाले, की मी वाक्य धड म्हणावं म्हणून, ते मला कळलं नाही. मी ते वाक्य परत म्हटलं नाही.

मार्चमध्ये करार झाला नाही. इंदूरहून समरजीत नावाचा तरुण इंजिनीअर आला, त्याने अर्ध्या दिवसात लाइनला स्लोप दिला, तोही हसत, आणि कढया सुरू झाल्या. आता तिन्हींत एका वेळी वरण, भात आणि भाजी होते. विजयाबाई ट्रॅपला सापळाच म्हणतात. वाफ सांभाळायला सूर्याजी कायम झाला. कंपनीकडून अधूनमधून छापील सूचना येतात, दोन-दोन पानांच्या. त्याला एखादा शब्द अडला की तो कागद घेऊन निघतो, माझ्या कोठीच्या दारावरून जातो, जाताना "नमस्ते ताई" म्हणतो, आणि तो कागद विजयाबाईंपुढे धरून विचारतो, ह्याचा मतलब काय असेल. विजयाबाईंना वाचता येत नाही.